एक चौरस मीटर पाणी आणि मी : एव्हरग्लेड्समधले सहा दिवस

मुलाकडे न्यू जर्सीला येऊन चार महिने झाले होते आणि खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. सकाळी नातवाला बसमध्ये बसवून आलं की दिवसभर हीटर आणि मी. अशात मायामीहून भाचीचा फोन आला, म्हणाली मामा तू लहानपणी ओढ्यात मासे धरायचास ना, मग ये की इकडं आठवडाभर, मी पीएचडीला तेच करते, फक्त मला त्याचे पैसे मिळतात. ती एव्हरग्लेड्समधल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला जी प्रचंड पाणथळ आहे तिथं. घरात सगळे म्हणाले मगरी असतात, साप असतात, तुमचं वय ६३. म्हणून त्याच रात्री तिकीट काढलं.

माझ्याबद्दल एवढंच, की पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. कालवे, गेट, आवर्तनं, शिव्या. आणि कृष्णाकाठी वाढलो त्यामुळे मरळ, वाम, शिंगी, मांगूर हे सगळं हाताळलेलं, काही हाताला चावलेलंही. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

दिवस पहिला

नेवार्कला जॅकेट घालून चढलो आणि मायामीला उतरलो तर एप्रिलमध्येच रत्नागिरी स्टँडवर उतरल्यासारखं, अंगाला चिकट हवा. भाची न्यायला आली होती, तिच्या गाडीला इतका वास येत होता की मी विचारलं मागं काय मेलंय का, तर म्हणाली हो, पण ते गेल्या आठवड्यात.

संध्याकाळी पिठलं-भात झाल्यावर तिनं स्टीलचं ताट घेतलं, एका कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सारलं आणि वरच्या कडेला थोडं पाणी ओतलं. म्हणाली हे एव्हरग्लेड्स. मी म्हणलं यात उतार कुठंय. तेच तर, म्हणाली. मैलाला दोन इंच, म्हणजे किलोमीटरला तीन सेंटीमीटर. मी मनात हिशोब केला, ३१ हजारात एक! आमच्याकडं कालव्याला ५ हजारात १, ८ हजारात १ असा ढाळ द्यायचो आणि तरी शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही म्हणून मोर्चे यायचे. इथं तर वरून ओकीचोबी नावाचं तळं भरलं की पाणी आपोआप दक्षिणेकडं पसरत जायचं, नदी नाही, काठ नाही, नुसतं ऐंशी-नव्वद किलोमीटर रुंदीचं गुडघाभर पाणी गवतातून सरकत समुद्राकडं. तळंही असंच, सुमारे १९०० चौरस किलोमीटर पसरलेलं पण सरासरी खोली तीन मीटरसुद्धा नाही.

मग माणसं आली. १९२८ च्या वादळात तळ्याचं पाणी बाहेर येऊन अडीच हजारांच्या वर लोक गेले, त्यानंतर तळ्याभोवती बांध घातला, १९४८ पासून सरकारनं कालवे, बांध, पंप, गेट यांचा सपाटा लावला आणि तळ्याच्या खालच्या अंगाला मोठा पट्टा कोरडा करून शेती केली. कशाची शेती? उसाची. मी हसायला लागलो. एवढ्या लांब आलो आणि इथंही ऊस! मूळच्या पाणथळीतली साधारण निम्मी गेली, राहिलेल्या निम्म्यात पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं हे आता गेटवाले ठरवतात. भाची म्हणाली मामा, माझा अख्खा थिसिस म्हणजे आवर्तन चुकलं की माशांचं काय होतं, एवढाच आहे. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं सहकारी म्हणून बघितलं.

दिवस दुसरा

हा दिवस तिनं फिरायला ठेवला होता. होमस्टेडकडं जाताना 'रॉबर्ट इज हिअर' नावाच्या फळांच्या दुकानात थांबलो. १९५९ साली सहा वर्षांच्या पोराला बापानं रस्त्याकडेला काकड्या विकायला बसवलं, कुणी थांबेना, म्हणून 'रॉबर्ट इथे आहे' अशी पाटी लावली, तेच नाव आजतागायत. 'की लाइम' नावाच्या इथल्या लिंबाचा मिल्कशेक घेतला, आंबट-गोड, आवडला.

मग नॅशनल पार्क. १९४७ साली उद्घाटन झालेलं. रॉयल पामच्या पार्किंगमध्ये उतरलो तर भाचीनं सगळ्यात आधी गाडीवर ताडपत्री बांधली. इथली गिधाडं वायपरचं रबर खातात! त्यासाठी पार्कवाल्यांनीच ताडपत्र्या ठेवल्यात. आपल्याकडं गिधाड दिसलं तर पेपरात बातमी येते आणि इथं वायपरला धोका.

आत अनहिंगा ट्रेल म्हणून लाकडी पुलासारखी वाट आहे, खाली टेलर स्लूचं पाणी, स्लू म्हणजे पाणथळीतला जरा खोलगट, संथ वाहता पट्टा. अनहिंगा म्हणजे आपला तिरंदाज पक्षी, त्याचा इकडचा भाऊ, तसाच पंख पसरून वाळत बसलेला. कोरडा सीझन संपत आलेला त्यामुळे पाणी आटून थोड्या खोल जागीच राहिलेलं आणि त्यात मासे दाटीवाटीनं. फ्लोरिडा गार म्हणून एक मासा, लांब चोच, अंगावर चिलखत, काठीसारखा स्थिर. मधूनच वर येऊन गप्पकन हवा पिऊन जायचा. पाण्यात ऑक्सिजन संपला तरी हा टिकतो कारण श्वास वरून घेतो, बोफिन नावाच्या दुसऱ्या माशाचंही तसंच. मी म्हणलं आमची मरळ आणि मांगूर पण असंच करतात. मांगूर इथं पण आहे, म्हणाली. वॉकिंग कॅटफिश. १९६० च्या दशकात आशियातून आणलेला, मत्स्यपालनवाल्यांकडून सुटला आणि पावसात रस्ते ओलांडत सगळीकडं गेला. मला उगाच अभिमान वाटला आणि मग लाज वाटली.

पण टेलर स्लूत खरी वाट लावली ती दुसऱ्याच पाहुण्यानं, आशियाई स्वॅम्प ईल. दिसायला वामेसारखा पण वाम नव्हे. पाणी आटलं की बाकीचे मासे मरतात किंवा पळतात, हा चिखलात बसून राहतो. त्यामुळे पुन्हा पाणी आलं की खायला सगळ्यात आधी हाच हजर. इथले क्रेफिश, म्हणजे छोटे गोड्या पाण्यातले शेवंडच म्हणा, कोरड्या काळात बिळात दडून पावसात बाहेर येतात आणि बगळ्यांचं ते मोठं खाणं. ईल आल्यावर काही वर्षांत टेलर स्लूमधले क्रेफिश जवळजवळ संपले, फ्लॅगफिश नावाचा छोटा मासाही गेला. हे कळलं कशामुळं, तर दुष्काळ असो पूर असो कुणीतरी आधीची पंचवीस वर्षं त्याच जागी जाऊन मासे मोजत होतं म्हणून. नाहीतर एक दिवस बगळे कमी दिसले असते आणि सगळे म्हणाले असते हवामान.

परत येताना रस्त्यात एक पाटी आहे, रॉक रीफ पास, उंची तीन फूट. पास म्हणजे खिंड! मी गाडी थांबवायला लावून तिथं फोटो काढला आणि कुंभार्ली घाटातल्या साडूला पाठवला. पण भाची म्हणाली हसू नको, इथं या तीन फुटांवरच पाइनचं जंगल आहे आणि फूटभर खाली गेलं की गवत, अजून फूटभर खाली गेलं की मासे.

दिवस तिसरा

पहाटे साडेचारला उठवलं. फुल पँट, फुल शर्ट, कापडी बूट, टोपी, आणि जबाबदारी आमची नाही अशा अर्थाच्या कागदावर तीन सह्या. तमियामी ट्रेलनं पश्चिमेला, हा रस्ता १९२८ ला झाला आणि गंमत म्हणजे अख्ख्या पाणथळीला आडवा बांध घातल्यासारखा झाला. आता पाणी खालून जावं म्हणून त्याचेच तुकडे काढून पूल बांधलेत. आमच्या खात्यात असं आपणच घातलेलं फोडायची वेळ आली असती तर आधी चौकशी लागली असती.

रस्त्याच्या उत्तरेला वॉटर कन्झर्वेशन एरिया ३ ए, म्हणजे बांध घालून पाणी राखलेला पाणथळीचा एक तुकडा, तिथून एअरबोट. सपाट तळाची होडी आणि मागं विमानाचा पंखा, कानाला हेडफोनसारखे मफ लावले तरी छाती हादरते. गवत सॉग्रास, नावातच करवत आहे, पात्याच्या कडेला खरंच दाते असतात. मी बघू म्हणून बोट फिरवलं आणि दिवसभर ते बोट तोंडात. अर्ध्या तासानं इंजिन बंद केलं आणि एकदम जी शांतता झाली ना, ती ऐकू येत होती.

तर काम असं. चार कोपऱ्यांना पाइप रोवलेला १०० मीटर बाय १०० मीटरचा प्लॉट. भाचीच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर कॉम्प्युटरनं काढलेले आकडे, पहिला ३७ आणि ८२. म्हणजे या कडेनं ३७ मीटर जायचं, आत ८२ मीटर जायचं आणि जिथं पोचू तिथं ट्रॅप टाकायचा. थ्रो ट्रॅप म्हणजे तांब्याच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, चारी बाजूंना बारीक जाळी, वर-खाली उघडी. दिसायला मच्छरदाणीच्या सांगाड्यासारखी.

उतरलो. पाणी मांडीपर्यंत नाही, गुडघ्याच्या जरा वर, पण खाली जमीन म्हणून जे आहे ती जमीन नव्हे, कुजलेल्या गवताचा शतकानुशतकांचा गाळ. पहिल्या दहा पावलांत उजवा पाय जांघेपर्यंत गेला, पाय बाहेर आला पण बूट आला नाही. भाचीबरोबर दुसरी एक विद्यार्थिनी होती, तिनं खांद्यापर्यंत हात घालून बूट काढला, इतक्या सराईतपणे की रोजचंच असावं. मी सॉरी म्हणलं तर म्हणाली प्रत्येक नवीन माणूस एक बूट देतोच.

आणि इथं माझं आणि सायन्सचं पहिलं भांडण झालं. ३७-८२ च्या वाटेत उजवीकडं एक मोकळं खोल डबकं होतं, ॲलिगेटरनं वर्षानुवर्षं लोळून केलेलं, त्याच्या कडेला मासे नुसते उसळत होते. गळ टाकणाऱ्या माणसाला ते बघून काय होतं हे गळ टाकणाऱ्यालाच कळेल. मी म्हणलं अगं तिकडं टाक, तिकडं आहेत. तर म्हणाली, मामा, तिकडं मासे आहेत हे आपल्याला दिसतंय, म्हणूनच तिकडं टाकायचा नाही. आकडा सांगेल तिथंच. मी म्हणलं आकड्याला काय कळतंय? ती म्हणाली काहीच नाही, म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा. मी चाळीस वर्षं जागा निवडण्यालाच अक्कल म्हणत आलो आणि इथं जागा न निवडणं ही अक्कल. पण विचार केल्यावर पटलं. आम्ही पण आणेवारी काढताना प्लॉट असा चिठ्ठीनंच काढायचा असतो, प्रत्यक्षात काय व्हायचं ते जाऊ दे.

दोन मीटरवरून दोघींनी ट्रॅप भिरकावला, धप्प, आणि लगेच उड्या मारून कडा पायानं खाली दाबल्या म्हणजे खालून कोणी निसटायला नको. झालं, एक चौरस मीटर पाणी आता आपलं. पुढचा पाऊण तास फक्त त्या एका चौरस मीटरचा!

आधी खोली, ३४ सेंटीमीटर. मग आतली झाडं, लव्हाळ्यासारखी स्पाइकरश, तिचा एकेक देठ मोजला. मग पेरिफायटॉन. हे समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाण्यावर तरंगणारा पिवळट-तपकिरी थर, हातात घेतलं तर भिजवून विसरलेल्या साबुदाण्यासारखं लागतं, वास मातीचा. यात शेवाळं, जिवाणू, चुना सगळं एकत्र. आणि हा थर धरून ठेवणारी वनस्पती तिनं उपसून दाखवली, बारीक बारीक फुगे असलेले दोरे, वर जांभळं फूल. मी म्हणलं हे मी कुठंतरी बघितलंय. कासच्या पठारावर! सीतेची आसवं! तीच, युट्रिक्युलेरिया, जात वेगळी, पण तसेच फुगे आणि तसेच बारीक किडे पकडून खाणारी. सातारच्या माणसानं फ्लोरिडात मांडीभर चिखलात सीतेची आसवं ओळखली हे मी सगळ्या ग्रुपवर टाकलं.

पेरिफायटॉन भोकाच्या नळकांड्यात निथळून मिलीलिटरमध्ये मोजलं. भाची म्हणाली एव्हरग्लेड्सचं कोडंच हे आहे. हे एवढं ढिगानं पिकतं, पण मासे मात्र दुसऱ्या पाणथळींच्या मानानं थोडे. ताटभर जेवण वाढलंय पण खाता येत नाही असलं, चुन्यानं भरलेलं, अर्धं विषारी शेवाळ. आणि पाण्यात फॉस्फरस जवळपास नाहीच, एका अब्जात १० भाग ही इथली कायद्यानं ठरवलेली मर्यादा आहे. त्याच्या वर गेलं, म्हणजे उसाच्या शेतातलं खत आलं, की आधी हा थर विरघळून जातो आणि मग पाणकणीस माजतं, इतकं की मासा पोहायला आणि बगळा उतरायला जागा नाही. उसाला डोस देऊन देऊन आमच्याकडं जमिनी खारवल्या, इथं गोड पाणी खाऊन माजलं. उपाशी राहणं हीच या जागेची तब्येत आहे म्हणायची.

मग मासे. आधी ट्रॅपच्या रुंदीची जाळी एका कडेनं दुसरीकडं ओढायची, मग हातजाळी. आणि नियम असा की सलग पाच वेळा रिकामी निघेपर्यंत थांबायचं नाही. चार वेळा रिकामी, पाचव्याला एक टीचभर मासा, की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणलं सोड की एक. दोघींनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा काही बोललो नाही.

जे निघाले ते बघून माझा पडलेला चेहरा बघण्यासारखा होता. मला वाटलं होतं मासे. हे सगळे बोटाच्या पेराएवढे! गॅम्बुसिया सहा, आणि हा तर ओळखीचा, डास खातो म्हणून १९२८ साली भारतात आणला तोच, आपल्याकडं आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात त्या गप्पीचा चुलतभाऊ. त्याचं हे मूळ घर. निळ्या परांचा किलीफिश चार. एक फ्लॅगफिश, अंगावर लाल पट्टे. एक सनफिशचं पिल्लू. आणि लीस्ट किलीफिश पाच. हा तळहातावर घेतला, नर दोन सेंटीमीटरसुद्धा नाही, मादी जरा मोठी, अंगावर एक काळी रेघ आणि एक ठिपका. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात लहान माशांपैकी एक. अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि पोटात एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची पिल्लं वाढत असतात, दोन-चार आज, दोन-चार काही दिवसांनी, असं वाफ्यात मेथी लावल्यासारखं. एकूण १७ मासे, झिंगे ११, क्रेफिश एक. मी स्वतः मोजले, मोठ्यानं, मराठीत.

मग ते सगळे भुलीच्या औषधात. मेले. बरणीत, लेबल लावून, फॉर्मालिनमध्ये. मासे मारून खाल्ल्याचं कधी काही वाटलं नव्हतं पण हे खायचे नव्हते म्हणून असेल, जरा गप्प झालो. भाचीला कळलं. म्हणाली मलाही पहिल्या वर्षी व्हायचं. पाण्यात बघून जात ओळखता येत नाही मामा, सोडून दिले तर आकडा खोटा, आणि आकडा खोटा असेल तर पाणी सोडणारे म्हणतात सगळं ठीक आहे. हे पटलं, पण त्यासाठी पुढचा ट्रॅप मारेपर्यंत वेळ लागला.

दिवसात सात ट्रॅप झाले. ही मोजणी वर्षातून पाच वेळा होते, फेब्रुवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर. १९७० च्या दशकाच्या शेवटी विल्यम लॉफ्टस नावाच्या मत्स्य-अभ्यासकानं पार्कमध्ये सुरुवात केली, पुढं जोएल ट्रेक्सलर या प्राध्यापकानं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती खूप ठिकाणी नेली. ट्रॅपची चौकट तीच, आकडे काढायची पद्धत तीच. मोठे मासे यात सापडत नाहीत, आठ सेंटीमीटरच्या वरचे सटकतात, त्यांच्यासाठी एअरबोटवर पाण्यात विजेचा झटका द्यायची सोय असते, ते वेगळं पथक.

परतताना विचारलं, या सगळ्यातून कळलं काय एका वाक्यात सांग. ती म्हणाली, कुठल्याही जागेवर गेलं की मी पहिला प्रश्न विचारते, ही जागा शेवटची कोरडी कधी पडली होती. त्यांच्याकडं तसा रकानाच आहे, कोरडं पडून किती दिवस झाले. गॅम्बुसिया आणि फ्लॅगफिश पाणी आल्या आल्या पहिल्यांदा पोचतात, निळ्या परांच्या किलीफिशला वर्षं लागतात. बरणीतले मासे बघूनच दुष्काळ किती जुना आहे हे ती सांगू शकते. आमच्या खात्यात गेज-रजिस्टर असायचं, पेन्सिलनं नंतर भरलेलं. हे मासे म्हणजे खोटं न लिहिणारं रजिस्टर.

दिवस चौथा

रात्री पाऊस झाला. साधा नाही, पत्र्यावर दगड टाकल्यासारखा. मी सवयीनं खूश झालो, पाऊस म्हणजे चांगलंच. सकाळी बघतो तर भाची कॉफी घेऊन फोनवर गेजचे, म्हणजे पाणीपातळीचे आकडे बघतीय, चेहरा पडलेला. नऊ सेंटीमीटर वाढलं मामा. मी म्हणलं मग चांगलंय की.

नाही म्हणे. आणि हे मला शार्क व्हॅलीला नेऊन दाखवलं. तिथं २४ किलोमीटरचा गोल रस्ता आहे आणि मध्ये उंच मनोरा, वर चढलं की चारी दिशांना गवतच गवत. तीन दिवसांपूर्वीचे तिनं काढलेले फोटो होते, रस्त्याकडेच्या डबक्यात पन्नासेक पक्षी खांद्याला खांदा लावून, बगळे, पांढरे आयबिस, आणि वूड स्टॉर्क. हा वूड स्टॉर्क म्हणजे भिगवणला उजनीच्या पाण्यात दिसतो त्या चित्रबलाकाचा सख्खा भाऊ. चोच उघडी ठेवून पाण्यात चाचपत चालतो, मासा चोचीला लागला की मिटायची. डोळ्यानं शोधतच नाही. त्यामुळे मासे दाट असले तरच याचं पोट भरतं, पातळ पाण्यात उपाशी. एका जोडीला पिल्लं मोठी करायला विणीच्या हंगामात साधारण २०० किलो मासे लागतात असा हिशोब आहे. म्हणून हा उलटा प्राणी पावसात नाही तर कोरड्या हंगामात घरटं करतो, पाणी आटत जातं, मासे गोळा होतात, ताटात वाढून येतात. आणि मध्येच असा अवकाळी आला, किंवा वरून कुणी गेट उघडलं, की पाणी चढतं, मासे त्या नऊ सेंटीमीटरमधून गवतभर पसरतात आणि ताट रिकामं. पाणी लवकर उतरलं नाही तर आईबाप घरटं सोडून जातात, पिल्लांसकट.

त्या डबक्याशी गेलो तेव्हा दोन बगळे होते. बाकी पाणी, स्वच्छ, छान, भरपूर.

कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे निघतात, वलगणीचे, शेतात, रस्त्यावर, लोक काठ्या आणि टोपल्या घेऊन धावतात, तसंच हे. इथलेही मासे नवीन पाणी आलं की त्याच दिवशी निघतात. मासे आपलं कामच करतायत, फक्त एप्रिलमध्ये नाही करायचं. दुपारी पुन्हा पाऊस, म्हणून घरी येऊन झोपलो.

दिवस पाचवा

लॅब. एसी, फॉर्मालिनचा वास, नुसत्या बरण्या. फॉर्मालिनमधून धुऊन अल्कोहोलमध्ये घातलेले जुने नमुने, प्रत्येक मासा मायक्रोस्कोपखाली घालून जात, लिंग, लांबी. शेपटीचा पंखा सोडून मोजायची, कारण पंखा तुटलेला असतो. मी दोन तासांत ३१ मासे केले, शेजारचा पोरगा तेवढ्यात शंभरावर गेला. चष्मा वर-खाली करून करून मान धरली. पीएचडी म्हणजे चिखल आणि मगरी असं वाटलं होतं, खरं तर नव्वद टक्के हेच आहे, निवडणं, तांदळातले खडे निवडल्यासारखं.

आणि माझी बरणी निघाली, परवाची, ३७-८२. ती तशी इतक्यात उघडायची नसते पण मामासाठी. भाचीनं ट्रेमध्ये ओतली, मोजली. १९. मी म्हणलं शक्यच नाही, मी मोजलेत १७. तिनं चिमट्यानं दोन पुढं सरकवले, लीस्ट किलीफिशची पिल्लं, तांदळाच्या कणीएवढी, पेरिफायटॉनच्या गोळ्यात अडकलेली. म्हणून फील्डमध्ये मोजलेलं आम्ही धरतच नाही, म्हणाली. शीटवर पकडणाऱ्यांच्या नावाची आद्याक्षरं लिहायचा रकाना असतो, त्यात तिसरी जोडी माझी होती. त्याचा फोटो काढला. काढू का विचारलं होतं.

दिवस सहावा

संध्याकाळची फ्लाईट, सकाळी मी हट्ट धरला की गळ टाकल्याशिवाय जाणार नाही. तीन दिवसांचं लायसन्स ऑनलाईन मिळतं, काढलं. उत्तरेला ब्रोवर्ड काउंटीत टॅमरॅक म्हणून गाव आहे तिथल्या कालव्यावर गेलो. कालवा बघून बरं वाटलं, सरळ, काँक्रीटचं गेट, कडेला पाटी. इथं मरळ मिळते! खरंच मरळ, आपल्या नद्यांतल्या मरळीची अगदी जवळची बहीण, इकडं बुल्सआय स्नेकहेड म्हणतात, २००० साली याच गावात पहिल्यांदा सापडली. कुणी सोडली माहीत नाही. इथं ती पकडून परत सोडू नका असंच सांगतात आणि जिवंत बाळगणं हा गुन्हा आहे.

तीन तास बसलो. एकदा गवताच्या कडेला पाणी फुगलं आणि शेपटीवरचा तो काळा ठिपका, भोवती केशरी कडा, स्पष्ट दिसला, मी आयुष्यात शंभरदा बघितलेला. गळ त्याच्या नाकासमोर टाकला. आली, बघितलं, वळली आणि सावकाश निघून गेली. कराडच्या पुलाखालची मरळ पण अशीच करायची.

लागली असती तर खाल्ली असती का, असं भाचीनं विचारलं. इथल्या पाण्यात पारा आहे, मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो, बास नावाचा मासा, गार, बोफिन हे खाऊ नका किंवा कमी खा अशा सूचनाच आहेत. मी म्हणलं मरळीचं कालवण आणि पारा असा प्रश्न असेल तर मला विचार करायला वेळ लागेल.

विमानतळावर बॅग उघडायला लावली. बूट. त्या माणसानं प्लास्टिकची पिशवी सोडली, वास घेतला, पुन्हा बांधली आणि काही न बोलता जा म्हणाला. न्यू जर्सीत आल्यावर दोनदा धुतले, व्हिनेगर घातलं, बेकिंग सोडा घातला. उजव्याच्या शिवणीत अजून पिवळट पापुद्रे निघतात, वाळलेलं पेरिफायटॉन. सून आत घेऊ देत नाही, गॅलरीत ठेवलेत.